विश्लेषण : ‘टेरियरांचा राजा’ घरात आणावा का? एअरडेल निवडताना आणि सांभाळताना काय पाहावे?

मोठा हवा, पण ग्रेट डेनसारखा अवाढव्य नको. राखण करणारा हवा, पण आल्या-गेल्याच्या अंगावर धावून जाणारा नको. मुलांशी खेळणारा हवा आणि सोफ्यावर केसांचा थर साचवणारा तर मुळीच नको. घरात कुत्रा आणायची चर्चा सुरू झाली की अपेक्षांची यादी साधारण अशीच होते. ती घेऊन मोबाइलवर शोधाशोध केली, की लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डच्या गर्दीत एक वेगळेच नाव समोर येते : एअरडेल टेरियर. लांबट चौकोनी तोंड, दाढी, कुरळी राठ लव, पाठीवर काळे खोगीर घातल्यासारखा रंग. फोटोत तो एखाद्या करड्या शिस्तीच्या, पण मनातून मिश्कील मास्तरासारखा दिसतो. स्वभावही बराचसा तसाच आहे आणि अडचणीही तिथूनच सुरू होतात.

एअरडेल मूळचा कुठला?

उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये एअर नावाची नदी आहे. लीड्स शहर तिच्याच काठी वसले आहे. ‘डेल’ म्हणजे खोरे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हे खोरे कापड गिरण्यांनी भरले होते. शिकारी कुत्र्यांचे तांडे पाळण्याची ऐपत जमीनदारांची. गिरणी कामगाराला परवडणार एकच कुत्रा. मग त्या एकानेच सगळी कामे करावीत, अशी गरज होती. उंदीर मारायचे, नदीतल्या पाणमांजराचा माग काढायचा, रात्री घर राखायचे आणि मालकाला जमीनदाराच्या रानातून चोरून ससा मिळवायचा असेल तर तेव्हा गपगुमान राहायचे. स्थानिक राठ केसांचा टेरियर आणि पाण्यात पोहून शिकार करणारा ऑटरहाउंड यांच्या संकरातून असा कुत्रा तयार झाला. नदीकाठच्या उंदरांची शिकार हा तिथल्या कामगारांचा सुटीचा खेळच होता. कुत्र्यांच्या जोड्या लावून गुण मोजले जात.

सुरुवातीला त्याला ‘वॉटरसाइड टेरियर’ म्हणत, काही जण ‘बिंगली टेरियर’ म्हणत. पुढे खोऱ्याचेच नाव टिकले आणि १८८६ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

‘टेरियर’ हा शब्द जमीन या अर्थाच्या लॅटिन ‘टेरा’वरून आला. बिळात शिरून शिकार बाहेर काढणारा तो टेरियर. गंमत अशी की, एअरडेल कोणत्याच बिळात मावत नाही. ब्रिटिश मानकानुसार नराची उंची खांद्यापाशी ५८ ते ६१ सेंटिमीटर, मादीची ५६ ते ५९. वजन साधारण २० ते ३० किलोच्या दरम्यान. म्हणजे आकार लॅब्रेडॉरएवढा, पण डोके टेरियरचे. हे एक वाक्य लक्षात ठेवले तर पुढचे बरेचसे आपोआप कळते.

मोठा टेरियर म्हणजे पिटबुलच का?

नाही. मात्र हा घोळ केवळ सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होतो असे नाही. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने मार्च २०२४ मध्ये राज्यांना पाठवलेल्या पत्रात ‘हिंस्र’ ठरवलेल्या २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री रोखण्यास सांगितले होते. त्या यादीत पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर यांच्याबरोबरच नुसताच ‘टेरियर्स’ असाही शब्द होता. यॉर्कशायर टेरियर हा जेमतेम तीन किलोचा कुत्राही टेरियरच असतो, हे लक्षात घेतले तर या शब्दाची व्याप्ती कळते. कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी एप्रिल २०२४ मध्ये हे पत्र टिकू दिले नाही. संबंधितांचे म्हणणे ऐकल्याशिवाय असा निर्णय घेता येणार नाही, हा आक्षेपाचा मुख्य मुद्दा होता.

पिटबुल आणि स्टॅफर्डशायर ही मंडळी बुलडॉग व टेरियर यांच्या संकरातून आली. एअरडेलचे कूळ वेगळे. उलट, ‘ब्लॅक रशियन टेरियर’ नावाचा एक धिप्पाड काळा कुत्रा दिसतो, तो नावापुरताच टेरियर. सोव्हिएत लष्कराच्या ‘रेड स्टार’ केनेलमध्ये जायंट श्नाउझर, रॉटवायलर आणि एअरडेल यांच्या संकरातून तो घडवला गेला. त्याचा स्वभाव पूर्णवेळ पहारेकऱ्याचा. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

एके काळी एवढा लोकप्रिय, मग आता का दिसत नाही?

पहिल्या महायुद्धात लेफ्टनंट कर्नल एडविन रिचर्डसन यांनी ब्रिटिश लष्करासाठी शूबरीनेस येथे कुत्र्यांची प्रशिक्षण शाळा चालवली. खंदकातून निरोप पोहोचवण्याच्या कामात एअरडेलचा मोठा वाटा होता. युद्धानंतर त्याचे नशीब अमेरिकेत फळफळले. अध्यक्ष वॉरन हार्डिंग यांचा ‘लॅडी बॉय’ हा एअरडेल १९२१ मध्ये व्हाइट हाउसमध्ये आला आणि वर्तमानपत्रांचा लाडका झाला. मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्याच्यासाठी वेगळी खुर्ची असे. १९२३ मध्ये हार्डिंग यांचे निधन झाले, तेव्हा पेपर विकणाऱ्या मुलांनी एकेक पेनी देऊन १९,१३४ नाणी जमवली आणि ती वितळवून लॅडी बॉयचा पुतळा घडवण्यात आला. तो आज स्मिथसोनियन संस्थेकडे आहे.

याच काळात ओहायो राज्यातील लारू या छोट्या गावात वॉल्टर लिंगो नावाचा व्यापारी ‘ऊरांग’ केनेलमधून एअरडेल टपालाने विकत होता. जाहिरातीसाठी त्याने चक्क फुटबॉलचा संघ विकत घेतला. ऑलिम्पिकवीर जिम थॉर्प याच्या नेतृत्वाखाली ‘ऊरांग इंडियन्स’ हा संघ १९२२ आणि १९२३ असे दोन हंगाम एनएफएलमध्ये खेळला. मध्यंतराला कुत्र्यांची प्रात्यक्षिके होत. खेळ तसा यथातथाच होता, पण कुत्रे विकले गेले.

पुढे लष्कर आणि पोलिसांच्या कामात जर्मन शेफर्ड आला आणि एअरडेल मागे पडला. नियमित करावी लागणारी केसांची निगा हेही त्याच्या मागे पडण्याचे एक कारण मानावे लागेल. लिंगोच्या धंद्याची एक शेपटी मात्र अजून शिल्लक आहे. अमेरिकेत काही विक्रेते आजही ‘ऊरांग’ या नावाने ४०-५० किलोचे एअरडेल जाहिरात करून विकतात. मानकापेक्षा दीडपट वजन म्हणजे दीडपट चांगला कुत्रा नव्हे. खुब्याच्या सांध्याचा विकार या जातीत आधीच आढळतो, त्यावर हा जादा भार पडतो.

घरात तो वागतो कसा?

घरच्यांवर जीव लावणारा, बाहेरच्याकडे आधी नीट पाहून घेणारा, उगाच न भुंकणारा. मुलांबरोबर त्याचे चांगले जमते, कारण त्याचा स्वतःचा पोरकटपणा उशिरापर्यंत टिकतो. पायमोजे पळवणे, टेबलावरची पोळी उचलणे आणि नंतर कोपऱ्यातून मालकाचा चेहरा पाहत बसणे हे त्याचे आवडते उद्योग. पण पंचवीस किलोचे पिल्लू आनंदाने उडी मारते तेव्हा तीन वर्षांचे मूल जमिनीवर आपटते. यात कुत्र्याचा हेतू वाईट नसतो, टेंगूळ मात्र खरे असते. लहान मूल आणि कुत्रा, मग तो कोणत्याही जातीचा असो, या दोघांना मोठ्या माणसाच्या नजरेआड एकत्र ठेवू नये. तो खात असताना किंवा झोपला असताना त्याला हात लावायचा नाही, हे मुलांना शिकवणे कुत्र्याला शिकवण्याइतकेच गरजेचे आहे.

लॅब्रेडॉर हुकूम पाळतो, कारण त्याला माणसाला खूश करायचे असते. एअरडेल आधी हुकमाचा विचार करतो. ‘बस’ म्हटल्यावर तो दोनदा बसेल, तिसऱ्यांदा ‘आताच तर बसलो होतो’ अशा नजरेने पाहील. याला मठ्ठपणा समजून आवाज चढवणारे, हात उगारणारे मालक या जातीत हमखास फसतात; मार खाल्लेला टेरियर एक तर मनातून तुटतो किंवा उलटतो. पाच-सात मिनिटांचे छोटे धडे, दर वेळी थोडा बदल, हातात खाऊ आणि घरातल्या सर्वांचे नियम सारखे, एवढ्यावर तो उत्तम शिकतो. आजीने ताटातले द्यायचे आणि बाबांनी त्यावरून रागवायचे, असे असेल तर तो आजीचीच बाजू घेणार.

शिकारीची ओढ मात्र शिकवून जात नाही, फक्त आवरता येते. मांजर, खार, कोंबडी पळाली की तो मागे सुटतो आणि त्या क्षणी त्याला कोणाचीच हाक ऐकू येत नाही. रस्त्यावर त्याला पट्ट्याविना सोडणे म्हणजे जुगार. घरात आधीपासून मांजर असेल तर पिल्लू लहान असतानाच दोघांची ओळख हळूहळू करून द्यावी लागते; ससा, हॅमस्टर यांच्याबरोबर तो प्रयोग करूच नये. एकाच लिंगाच्या दुसऱ्या दांडग्या कुत्र्याशी त्याचे वाजू शकते. बाग असेल तर ती खणली जाणार. टेरियर या शब्दातच ते आहे. त्याला खणायला एक कोपरा नेमून देणे आणि तिथे वस्तू पुरून ठेवणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा तोडगा.

पहिली दीड-दोन वर्षे खरी परीक्षा असते. प्रौढ एअरडेलला दिवसाकाठी एक ते दोन तास चालणे, पळणे आणि त्याशिवाय डोक्याला काम लागते. आई-बाबा दोघेही सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला परतत असतील, तर हा कुत्रा त्या घरासाठी नाही. कंटाळलेला एअरडेल सोफ्याचा स्पंज काढून दाखवतो. त्याहून वाईट म्हणजे दिवसभर एकटाच भुंकत, दार ओरबाडत राहतो.

केस गळत नाहीत, हे खरे का?

अर्धे खरे. त्याच्या अंगावर दोन थर असतात : वर राठ, तारेसारखे केस आणि आत मऊ, आखूड लव. मेलेले केस जमिनीवर पडण्याऐवजी बरेचसे अंगातच अडकून राहतात. त्यामुळे घर स्वच्छ दिसते, पण ते केस काढण्याचे काम माणसावर येते. आठवड्यातून किमान दोनदा खालपर्यंत विंचरणे आणि वर्षातून तीन-चार वेळा नीट ग्रूमिंग, याला पर्याय नाही. हे टाळले की गुंता होतो, त्याखाली ओल धरते आणि कातडी चिघळते.

पारंपरिक पद्धत ‘हँड स्ट्रिपिंग’ची. पिकलेले केस बोटांनी किंवा बोथट सुरीने मुळापासून उपटून काढायचे. ऐकायला क्रूर वाटते, पण योग्य वेळी केल्यास कुत्र्याला दुखत नाही आणि नवा केस तसाच राठ, गडद उगवतो. काम वेळखाऊ आहे आणि ते येणारे लोक थोडे. मशीनने कापणे सोपे व स्वस्त. त्याने केस मऊ होत जातात आणि रंग फिका पडतो. घरच्या कुत्र्यासाठी यात काही बिघडत नाही, प्रदर्शनात उतरायचे असेल तरच तो प्रश्न. दाढीचे मात्र रोजचे काम आहे. पाणी पिऊन उठला की तो दाढीतले अर्धे पाणी घरभर शिंपडतो. जेवणानंतर दाढी पुसली नाही तर वास येतो.

‘अॅलर्जी होत नाही असा कुत्रा’ ही जाहिरात तर डोळे झाकून मानू नये. अॅलर्जी केसांची नसते, कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. घरात दमा किंवा अॅलर्जी असलेले कोणी असेल, तर पिल्लू ठरवण्याआधी त्या व्यक्तीने प्रौढ एअरडेलच्या सहवासात दोन-तीनदा काही तास घालवून पाहावेत. आणलेला कुत्रा महिन्याभरात परत करावा लागणे यासारखे वाईट काही नाही, माणसांसाठीही आणि कुत्र्यासाठीही.

महाराष्ट्रात तो राहू शकेल का?

लीड्स, लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरासाठी हवामानाचा प्रश्न नाही. पुणे, नाशिकच्या हवेत काळजी घेऊन तो राहील. पण विदर्भातला मे महिना आणि कोकण-मुंबईचा दमट उकाडा या दुपदरी अंगरख्यासाठी नाहीत. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो आणि हवा दमट असेल तर तेही नीट होत नाही. फिरणे पहाटे आणि रात्री उशिरा. डांबरी रस्त्यावर हाताचा पालथा पंजा काही सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याचे पायही तिथे टेकवू नयेत. जिभेचा रंग गडद लाल होणे, लाळ घट्ट होणे, झोकांड्या जाणे ही उष्माघाताची लक्षणे. अशा वेळी सावलीत आणून अंगावर पाणी ओतत राहावे, पंखा लावावा आणि तसेच तातडीने पशुवैद्याकडे न्यावे.

पावसाळ्यात दुसरे संकट : दाट केसांत गोचीड दिसतच नाही. गोचिडातून होणारे रक्ताचे आजार जिवावर बेततात. म्हणून फिरून आल्यावर कान, बगला आणि बोटांच्या बेचक्या हाताने चाचपाव्यात, गोचीडनाशक औषध वेळेवर द्यावे. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याची लस रेबीजच्या लशीइतकीच महत्त्वाची.

आहाराबाबत मराठी घरात दोन चुका हमखास होतात. एक, फक्त दूध-पोळीवर कुत्रा वाढवणे. त्यातून त्याला पुरेशी प्रथिने मिळत नाहीत. दुसरी, प्रेमाने ताटातले देणे. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे कुत्र्याला बाधतात आणि शिऱ्यातला बेदाणाही त्यातच येतो. दिवसाचे अन्न दोन वेळांत विभागावे आणि पोटभर खाल्ल्यावर लगेच पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून त्याला पिळा पडण्याचा धोका असतो. पोट फुगले, उलटीचे उमाळे येतात पण काहीच बाहेर पडत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही.

पिल्लू घ्यायचे कुठून?

इंग्लंडमध्ये २०२० पासून सहा महिन्यांखालील पिल्लू दलालाकडून विकण्यास बंदी आहे. पैदास करणाऱ्याच्याच घरी जाऊन, पिल्लू आईजवळ पाहूनच घ्यायचे. आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे तपासून तिथे गुण दिले जातात. दोन्ही बाजू मिळून ० ते १०६ अशी ही मोजणी असते आणि आकडा जितका कमी तितके चांगले. थायरॉइड, कातडीची अॅलर्जी याबद्दलही विचारावे. चांगला ब्रीडर उलट प्रश्न विचारतो : घरी दिवसा कोण असते, कुंपण किती उंच आहे, आधी कुत्रा पाळला होता का? फक्त आगाऊ रक्कम कधी पाठवता एवढेच विचारणाऱ्यापासून लांब राहिलेले बरे. शेपटी छाटलेले पिल्लूही तिथे सहसा दिसायला नको. इंग्लंडमध्ये २००७ पासून, कामाच्या कुत्र्यांचा अपवाद वगळता, त्याला मनाई आहे.

भारतात ही जात दुर्मीळ आहे. पैदाशीसाठी कुत्रे आयात करण्यावर २०१६ पासून निर्बंध आहेत. परदेशातला मुक्काम हलवून परतणाऱ्या व्यक्तीला स्वतःचा पाळीव कुत्रा आणता येतो. त्यामुळे ‘इम्पोर्टेड लाइनचे एअरडेल पिल्लू, घरपोच’ अशी जाहिरात दिसली तर आधी कागद मागावेत. २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. पिल्लाची आई दाखवायला टाळाटाळ झाली, की तो व्यवहार तिथेच संपवावा. रस्त्याच्या कडेला, टोपलीतून आलेल्या पिल्लावर दया येते हे खरे, पण त्या पैशातून पुढच्या टोपलीची सोय होते.

आणल्यावर महापालिकेचा परवाना आणि दरवर्षी रेबीजची लस. गृहनिर्माण संस्थेला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण त्याचबरोबर, कुत्र्यापासून इतरांना इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

एअरडेल दहा-बारा वर्षे, कधी त्याहूनही जास्त जगतो. म्हणजे तिसरीतल्या मुलीसाठी आणलेला कुत्रा ती कॉलेजात जाईपर्यंत घरात असणार. पिल्लूच हवे असा हट्ट नसेल, तर ब्रिटन आणि अमेरिकेत या जातीच्या क्लबांमार्फत तीन-चार वर्षांचे, घर सुटलेले एअरडेल दत्तक मिळतात. दांडगाईचा काळ मागे पडलेला, स्वभाव उघड दिसणारा असा कुत्रा पहिल्यांदाच टेरियर पाळणाऱ्या घराला पिल्लापेक्षा सोपा जातो. त्याच्या आधीच्या घराने तो का सोडला, हे मात्र स्पष्ट विचारावे. कारण बहुतेक वेळा ‘वेळ देता आला नाही’ हेच असते, पण ‘मुलाला चावला’ असेही असू शकते.